पंगतीतली रिकामी जागा

तंजावूर, १७ फेब्रुवारी २०२५

गिरीश,

तू अप्पांची वादातली युक्ती फोडली नव्हतीस, हे काल रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी अप्पांच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मान्य केलं. अध्यक्षस्थानी असलेल्या वरलक्ष्मीबाईंनी निर्णय वहीत लिहिला आणि त्याखाली तिरुवैयारुच्या भरद्वाजशास्त्रींनी सही केली. विरोधात एकही हात वर झाला नाही. अप्पांचा शिष्य गुरुमूर्ती, त्याचासुद्धा नाही.

बातमी एवढीच. बाकीचं तुझ्या भुवनाकरता लिहिते, कारण पाकीट तीच उघडणार आणि तू तिला यातलं अवाक्षर सांगितलेलं नसणार.

भुवना, तुझे आजोबा वरुणराव न्यायशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात कुणी कुणावर आरोप केला, तर तो पाच वाक्यांत करावा लागे. काय म्हणायचंय, कशावरून म्हणायचंय, असं आणखी कुठे दिसलंय, इथे ते कसं लागू पडतं, आणि म्हणून काय ठरलं. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाचांतलं एक जरी कमी पडलं तरी आरोप रद्द, आणि ज्याच्यावर आरोप त्याने उत्तर द्यायचं कारण नाही.

मी बारा वर्षांची होते तेव्हा अशी फिर्याद केली होती: गिरीशने मुरुक्कु खाल्लं. कारण त्याच्या सदऱ्यावर तीळ आहेत. ज्याच्या सदऱ्यावर तीळ असतात त्याने मुरुक्कु खाल्लेलं असतं, काल मी खाल्लं तेव्हा माझ्या परकरावर होते तसे. गिरीशच्या सदऱ्यावर तसेच आहेत. म्हणून त्यानेच खाल्लं. अप्पा खूश झाले. तुझा बाप तेव्हा सात वर्षांचा. म्हणाला, "अक्काने मला मांडीवर घेतलं होतं. तिचे तीळ मला लागले." खटला तिथेच संपला. त्या दिवसापासून अप्पांनी त्याला शिकवायला घेतलं.

त्याच अप्पांनी बावीस वर्षांपूर्वी, २ मार्च २००३ ला, याच घराच्या दारातल्या तिण्णैवर उभं राहून त्याला सांगितलं, "तूच फोडलंस." एक वाक्य. पुढची चार आलीच नाहीत. तो म्हणाला, "चार बाकी आहेत, मग उत्तर देईन," आणि पिशवी घेऊन निघून गेला. न्याय शिकून पुरा केलेल्यांच्या नावांचा हिरवा फलक हॉलमध्ये आहे, त्यावरचं त्याचं नाव अप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवून बुजवलं. ती पट्टी बाकीच्या फलकापेक्षा अजून ताजी दिसते.

गिरीश, अप्पांच्या तिथीला त्यांचे विद्यार्थी अजून जमतात, हे तुला ठाऊक असेल. या वर्षी तुझा खटला मी उभा केला. घाई केली, कारण शास्त्री शहाऐंशीचे आहेत आणि त्यांच्यानंतर हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. सोपं गेलं.

अक्का


२२ फेब्रुवारी

गिरीश,

भुवनाने फोटो पाठवला. विजेच्या बिलाच्या पाठीवर तुझं अक्षर, एकच शब्द: हेतू?

बावीस वर्षांनी आलेला पहिला शब्द. मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. मग स्वतःला फिल्टर कापी करून घेतली आणि लिहायला बसले.

९ फेब्रुवारी २००३, पापनाशमला मामाच्या भामाचं लग्न. तुझी त्रिचीला नोकरीतली परीक्षा होती, तू आला नव्हतास. हे लक्षात ठेव. मंडपात समोरासमोर दोन लांब पंगती, पानं मांडलेली, वाढप सुरू व्हायचं होतं. एका पंगतीच्या मधोमध जाडजूड खांब. त्या पंगतीत मी तिसऱ्या पानावर बसले होते, अप्पा दहाव्या-अकराव्यावर. शास्त्री समोरच्या पंगतीत, खांबाच्या बरोबर पुढ्यात.

मंडपाच्या ऑफिसातून हाक आली: पेपरातून फोन, बातमीचा मथळा बदलायचा आहे. मी उठले. पंगतीच्या डोक्याशी रिकामं पान बरं दिसत नाही म्हणून माझ्या शेजारची सरकून माझ्या पानावर बसली, तिच्या पानावर तिच्या शेजारची, असं होत होत रिकामी जागा पंगतीतून चालत निघाली. अप्पाही एक पान सरकले. आणि सरकता सरकता त्यांना त्यांची युक्ती सापडली.

तिरुवैयारुची सभा तीन आठवड्यांवर होती. वाद होता अंधाराचा. शास्त्रींचा पक्ष: अंधार ही वस्तू आहे, कारण तो सरकताना दिसतो. अप्पांचा पक्ष: अंधार म्हणजे नुसतं उजेडाचं नसणं. आता अप्पांना दाखला मिळाला. पंगतीतली रिकामी जागाही सरकताना दिसते, म्हणून रिकामेपणाला कुणी वस्तू म्हणतं का? त्यांनी हे वहीत लिहिलं आणि तुला एकट्याला सांगितलं. मला नाही.

सभेत अप्पा उभे राहण्याआधीच शास्त्री म्हणाले, "कोणी पंगतींतली रिकामी जागा पुढे करील. पंगतींत सरकणारी माणसें दिसतात. अंधारांत कोण सरकतें तें दाखवा." अप्पांचा चेहरा मी पाहिला आहे. ते बोललेच नाहीत, हरले. घरी येईपर्यंत त्यांचा निष्कर्ष तयार होता: दाखला फक्त गिरीशला ठाऊक होता, तो शास्त्रींना कळला, म्हणजे गिरीशनेच सांगितला.

या जानेवारीत शास्त्रींनी मला बोलावलं. कागदांचे गठ्ठे लावून द्यायला माणूस हवा होता, आणि निवृत्त उपसंपादकाला दुसरं काय येतं? ते टिपणं करतात रोज फाडायच्या कॅलेंडरच्या पानांमागे. २००३ च्या गठ्ठ्यात ९ फेब्रुवारीचं पान निघालं. मागे पेन्सिलीने ठिपक्यांची ओळ, मध्ये खांबाची जाड रेघ, रेघेच्या पलीकडे एक पोकळ वर्तुळ, त्याच्या शेजारी ठळक ठिपका आणि तीन शब्द: "राजम हलली नाही." राजम म्हणजे आपली आत्या.

मी पान त्यांच्यापुढे धरलं. विचारलं, "शास्त्री, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलें तर. समोरच बसलों होतों."

"मग गिरीशने तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"गिरीश? तो मजकडे कधीं आलाच नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "मजला हें इतक्या वर्षांत कोणी विचारिलेंच नाही."

खरं आहे. दोन घराण्यांत मिळून पंचवीस-तीस माणसं न्याय शिकलेली. सगळ्यांनी अनुमानं केली. आठ मैलांवर जाऊन विचारलं कुणीच नाही.

तुला हेतू हवा होता, तो घे. कारण शास्त्रींच्या पानावर असं काही आहे, जे अप्पांच्या वहीत नाही.

अक्का


२८ फेब्रुवारी

गिरीश,

तुझं दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा सहापट लांब आहे: "उदाहरण? आणि गुरुमूर्ती गप्प कसा बसला?"

गप्प बसला नाही. सोपं गेलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. माझी कानशिलं तापली होती. सगळं क्रमाने सांगते.

गुरुमूर्ती बँकेतून निवृत्त झाला आहे, पण शंका काढण्यातून नाही. अप्पांवर त्याचा इतका जीव की अप्पा चुकले हे त्याला रुचणारच नव्हतं. शास्त्रींना गाडी करून आणलं होतं, झोपाळ्यावर बसवलं होतं. मी उभी राहताच हा म्हणाला, "शास्त्रींचा शब्द साक्ष म्हणून धरायचा नाही. ते तेव्हा जिंकले होते. जिंकलेला कशाला म्हणेल की मला आधी कळलं होतं? अनुमान करा."

शास्त्री हसून म्हणाले, "बरोबर आहे. माझे तोंड बंद."

म्हणून मी मांडलं. प्रतिज्ञा: शास्त्रींना तो दाखला गिरीशकडून मिळाला नाही. हेतू: कारण त्यांच्या टिपणात अप्पांच्या वहीपेक्षा जास्त खरी माहिती आहे. अप्पांच्या वहीत रिकामी जागा पंगतीच्या शेवटापर्यंत जाते. शास्त्रींच्या पानावर ती खांबापलीकडे, राजम आत्याच्या अलीकडे थांबते, कारण आत्या सरकलीच नाही. अप्पा खांबाच्या अलीकडे होते, त्यांना पलीकडचं दिसणं शक्य नव्हतं. जे अप्पांनाच ठाऊक नाही ते अप्पा गिरीशला कुठून सांगणार, आणि गिरीश शास्त्रींना कुठून सांगणार?

उदाहरण माझ्या धंद्यातलं दिलं. उचललेल्या बातमीत मूळ बातमीपेक्षा जास्त खरं काही नसतं. एकदा पुराची माझी बातमी दुसऱ्या एका पेपराने उचलली. मी पुलावरून पाहिलं होतं, म्हणून एकाच तीराचं लिहिलं होतं. त्यांच्याही बातमीत एकच तीर. तिसऱ्या एका पेपरात दुसऱ्या तीरावरच्या बुडालेल्या देवळाचं वर्णन होतं. त्यांचा माणूस स्वतः गेला होता, हे आम्हाला कुणी सांगायला लागलं नाही.

गुरुमूर्ती म्हणाला, "वसुमतीबाई, पेपरात आलं म्हणजे खरं, असं या घरात चालत नाही. ते कॅलेंडरचं पान ९ तारखेचं आहे, लिहिणं कधीचं? जुन्या पानावर काल रात्रीसुद्धा लिहिता येतं."

मी म्हटलं, "कालचं धर. तारीख हा माझा हेतू नाही. कधीही लिहिलेलं असो, त्यात वहीपेक्षा जास्त आहे की नाही?"

"राजमने शास्त्रींना सांगितलं असेल."

राजम आत्या कोपऱ्यात खुर्चीवर होती. एक्क्याण्णव वर्षांची आहे, कान शाबूत. म्हणाली, "मी या माणसाशी तीस वर्षं बोललेली नाही. आणि सांगितलं असतं तरी ते मी सांगितलं, पोराने नव्हे. तुझा मुद्दा कुणाच्या बाजूचा आहे रे?"

सगळे हसले. गुरुमूर्ती हसला नाही. त्याने शेवटचं बाहेर काढलं, आणि ते खरोखर भारी होतं. म्हणाला, "जास्त माहिती आहे, मान्य. पण ती खरी कशावरून? शास्त्रींनी ऐकीव दाखल्याला कल्पनेची जोड दिली असेल. उचललेल्या बातमीत खरं वाढत नाही, पण पदरचं वाढवता येतंच की. जागा राजमपाशी थांबली, याला पुरावा काय? आत्या, तुम्हाला आठवतं?"

आत्या म्हणाली, "मी कधीच सरकत नाही. त्या दिवशी सरकले नाही म्हणजे काय विशेष, जे लक्षात ठेवू?"

वरलक्ष्मीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. गुरुमूर्तीने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, अप्पा वाद जिंकले की करायचे तसं. आणि मला हसू आलं. हे मी मांडायचंच विसरले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, त्यांत स्वतःला घालायची सवय नाही.

मी म्हटलं, "जागा आत्यापाशी थांबली याची साक्ष मी देते. फोन करून मी परत आले तेव्हा अख्ख्या पंगतीत एकच पान रिकामं होतं. खांबाच्या पलीकडे, आत्याच्या अलीकडे. त्या जागेवर मी जेवले."

मग आत्या म्हणाली, "हो की. माझ्या पानातली जिलबी हिनेच उचलली होती. ते आठवतं."

मी उरलेली दोन वाक्यं बोलले. शास्त्रींचं टिपण तसं आहे, जास्त आणि खरं. म्हणून तो दाखला गिरीशकडून गेलेला नाही.

गुरुमूर्ती उठला. मला वाटलं अजून काही आहे. तो फलकापाशी गेला, तुझ्या नावावरच्या त्या हिरव्या पट्टीवर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "यापुढे शंका नाही." त्याच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात प्रथम ऐकलं.

वरलक्ष्मीबाईंनी टोपण काढलं. पाच वाजून दहा मिनिटं.

अक्का


१ मार्च

गिरीश,

हे पत्र तू मागितलेलं नाही. उपनय राहिला आहे, आणि तो मलाच लागू होतो.

अप्पांनी तुला बोलण्याआधी मला विचारलं होतं. तिरुवैयारुहून परतताना, बसमध्ये. "गिरीश या गावी येतो का?" मी म्हटलं, "हो. गेल्या महिन्यात दोनदा बसस्टँडवर उतरताना पाहिला." खरं तेच सांगितलं. पण तू नदीकाठच्या त्या बाईंकडे गाणं शिकायला जात होतास, हेही मला ठाऊक होतं. तू मला शपथ घातली होतीस, कारण न्याय सोडून गाणं हे अप्पांना चाललं नसतं. शपथ मी पाळली. अर्धी बातमी देऊन पाळली. अप्पांचा हेतू माझ्याकडून गेला होता.

आठवडाभरात निवळेल असं वाटलं होतं. तुला पत्रातून कळवावं असं पुढे दरवर्षी वाटलं. यात आणखी एक गोष्ट आहे, ती सभेत सांगितलेली नाही. तू गेल्यावर पंधराव्या दिवशी अप्पांनी मला हाक मारली आणि वही उघडली. मी चाळीस पार केलेली. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली ते तुझ्या जागेवर बसून मिळालं. मला आनंद झाला होता.

सभेत उभी राहिले ती त्याच शिकण्याच्या जोरावर. अप्पांनी मला जे दिलं त्यानेच अप्पांना हरवलं, हे मात्र मला बरं वाटतं. त्यांनाही वाटलं असतं.

वहीत हेही लिहून घ्या असं मी वरलक्ष्मीबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी गिरीशला लिहा. तो सांगेल तसं करू."

अक्का


१० मार्च

गिरीश,

नऊ दिवस काही आलं नाही. मी पोस्टमनला दोष दिला, मग भुवनाच्या फोनला. आज सकाळी फोटो आला. या वेळी बिल नाही, अख्खा कागद आहे, आणि त्यावर दोन ओळी:

"तीळ तुझेच होते हे मी सात वर्षांचा असताना सांगितलं होतं. निगमन?"

मी तो कागद राजम आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोरगं सुधारलेलं नाही. बोलाव."

खाली भुवनाने तिच्याकडून लिहिलं आहे की बाबा अंघोळीच्या वेळी रोज गातो, आणि तिकिटं काढली आहेत, हे त्याने लिहू नको म्हणून सांगितलंय. तर मला ते ठाऊक नाही असं समज.

आता निगमन. काय काय ठरलं आहे ते सांगते.

शुक्रवारी २१ तारखेला पेंटर येणार आहे. पट्टी खरवडून काढूया का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. जुन्या अक्षरांवरच नवी काढायची. खालची अजून जागेवर आहेत, उन्हात तिरकं उभं राहिलं की उठून दिसतात. शनिवारी सकाळी तुम्ही दोघं चेन्नईच्या गाडीने याल. पापनाशम सुटलं की फोन कर, म्हणजे मी स्टेशनवर पोचते.

रविवारी २३ ला जादा सभा आहे. शास्त्रींनी मागून घेतली. निर्णयाच्या दिवशी सही करून झाल्यावर ते म्हणाले होते, "वरुणरावाला उत्तर ठाऊक होतें. पंगतींत माणसें सरकतात, तसा अंधारांत उजेड सरकतो. एवढें म्हणाला असता तर मी हरलों असतों. तो गप्प राहिला आणि मजला फुकट जय मिळाला. तो मजला परत करावयाचा आहे." तुला अप्पांनी दाखल्याबरोबर त्याचं उत्तरही शिकवलं होतं, हे मी वहीत वाचलं आहे. तेव्हा रविवारी चार वाजता शास्त्री झोपाळ्यावर बसून २००३ चं तेच वाक्य म्हणतील, आणि अप्पांच्या बाजूने तू उभा राहशील. गुरुमूर्तीने शंका काढायचं आधीच जाहीर केलं आहे, त्यामुळे तयारी करून ये.

नंतर जेवण. पंगत हॉलमध्येच, वीस पानं. इथेही मधोमध खांब आहेच, आत्याची जागा त्याच्या पलीकडे ठरलेली आहे आणि ती सरकणार नाही. तिच्या अलीकडचं पान मी मांडून ठेवणार आहे. तिथे या वेळी तू बसशील.

अक्का